आभा कार्ड काढलं, पण ॲपमध्ये जुने रिपोर्ट का दिसत नाहीत?

आभा हा फक्त 14 अंकी आरोग्य ओळख क्रमांक आहे. रिपोर्ट त्यात साठत नाहीत, ते रुग्णालयाच्या किंवा लॅबच्या सर्व्हरवरच राहतात. त्यांचं सॉफ्टवेअर आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे आरोग्य नोंदी जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेशी, जोडलेलं असेल, तरच पुढचं शक्य आहे.

ॲपमध्ये रुग्णालय शोधा, नोंदी जोडायला सांगा, ओटीपी टाका. गाडी बहुतेकदा इथेच अडते: केसपेपरवर मुलाचा मोबाईल नंबर, नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं, जन्मवर्ष अंदाजे लिहिलेलं. नोंदणी खिडकीवर हे आधी दुरुस्त करून घ्या. पुढच्या वेळी तिथला क्यूआर कोड स्कॅन केलात, तर नाव, जन्मवर्ष, मोबाईल ही माहिती आभामधूनच जाते.

डॉक्टरांना नोंदी दाखवण्याची संमती मात्र मुदत घालूनच द्या. ती नंतर मागेही घेता येते.