वेबसाईटवर हसऱ्या लोकांचे फोटो टाकल्याने धंदा वाढतो का?

छोट्या धंद्याची साइट करताय, हसरे चेहरे टाकले की गिऱ्हाईक ओढलं जातं का आणि असे फोटो फुकट कुठे मिळतात, असं विचारलंय तुम्ही. भाऊ, उपयोग होतो, पण ती माणसं तुमची असली तरच. बाहेरून आणलेल्या हसऱ्या माणसांनी काही होत नाही, आणि यावरून आमच्या घरात एवढं वाजलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं यावल तालुक्यात केळी वेफर्सचं युनिट आहे. सावदा-फैजपूरकडे आला असाल तर रस्त्याच्या कडेला कढईवर किसणी धरून कच्ची केळी थेट तेलात पाडताना बघितलंच असेल, तेच काम, जरा मोठं. साइट करायचं ठरलं तेव्हा भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, एक एजन्सी आणली. त्यांनी बनवलेलं उघडलं तर वरती कोटवाली गोरी माणसं लॅपटॉपभोवती उभी राहून हसतायत, संपर्काच्या पानावर हेडफोन लावलेली बाई हसतेय, आणि "आमचे समाधानी ग्राहक" म्हणून कुठलं तरी परदेशी कुटुंब सोफ्यावर बसून हसतंय. वेफर्सचा एक तुकडा नाही, केळीचं पान नाही. पुढे तीच हेडफोनवाली मला जळगावच्या एका पाइपवाल्याच्या साइटवरही दिसली.

मी म्हटलं, आपल्या बाया दिवसभर केळी सोलतात, त्यांचा फोटो लावा. तर म्हणे वहिनी, गरीब दिसतं ते, पुण्यामुंबईचा माणूस बघून निघून जाईल. तरी मी मोबाईलवर काढले. कच्ची केळी सोलली आहेत त्यांना माहीत असेल, तेल लावून बसलं तरी चिकाने बोटं काळी होतात आणि तो डाग साबणाने जात नाही. आमची सगळ्यात जुनी मावशी केळी सोलता सोलता कोणाच्या तरी बोलण्यावर हसली आणि नेमका तेव्हा फोटो निघाला, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडलेल्या, हातात अर्धं सोललेलं केळं. भाऊजींनी एजन्सीला काय सांगावं, टाकायचाच असेल तर बोटं फोटोशॉपमध्ये साफ करा! माझं डोकंच फिरलं. माल इथेच, या हातांनी होतो याची ती पावती आहे, ती पुसून काय मिळवणार?

त्याच सुमारास सुरतच्या एका व्यापाऱ्याने साइट बघून फोन केला, पहिलाच प्रश्न, तुम्ही बनवता की नुसतं विकता? त्याची काय चूक, साइटवर आमचं कोणी नव्हतंच. मी मावशीचा आणि कढईचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. ट्रायल ऑर्डर आली आणि आजही त्याला माल जातो.

हे माझंच म्हणणं आहे असंही नाही. जेकब निल्सन म्हणून वेबसाईटचे जाणकार आहेत, त्यांनी २०१० मध्येच लोकांची नजर स्क्रीनवर कुठे फिरते ते मोजून लिहिलंय की शोभेला लावलेल्या फोटोंकडे लोक बघतच नाहीत, खऱ्या माणसांचे फोटो मात्र नीट बघतात. भाऊजींना तेही दाखवलं.

फुकट फोटो पेक्सेल्स, अनस्प्लॅशवर मिळतात, धंद्यासाठी वापरताही येतात. पण पेक्सेल्सच्या अटीत स्पष्ट आहे की फोटोतला माणूस तुमच्या मालाची शिफारस करतोय असं भासवायचं नाही, म्हणजे ते "समाधानी ग्राहक" तिथेच बाद. शेताचे, फळांचे, रिकाम्या टेबलाचे घ्या हवे तर.

आता तुमचा धंदा कुठला ते लिहिलं नाहीये, दवाखाना वगैरे असेल तर पेशंटचे फोटो कोण लावू देणार, तिथे डॉक्टर आणि स्टाफचे लावा. मोबाईलचा फोटो जसाच्या तसा चढवू नका, चारपाच एमबीचा असतो, गावाकडच्या नेटवर पान उघडतच नाही, बारीक करून टाका. आणि ज्याचा फोटो त्याला आधी विचारा, शक्यतो लिहून घ्या, पुढे तो काढा म्हणाला तर काढा.

आमच्याकडे दोघी नको म्हणाल्या, त्यांचे नाहीत टाकले. बाकीच्या बायांना लाज वाटेल हे भाऊजींनी परस्परच ठरवलं होतं, विचारलं कोणीच नव्हतं. मी विचारलं तर मावशी म्हणाली, नवी साडी नेसून येऊ का? म्हटलं, कामाचीच राहू द्या.