सीए करतानाच कॉर्पोरेट टॅक्समध्येही तयार व्हायचं असेल, तर आर्टिकलशिप कुठे घ्यावी?

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी. नेरुळला राहता, सीए इंटरचे दोन्ही ग्रुप निघालेत आणि हातात आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या फर्ममध्ये करायच्या सक्तीच्या प्रशिक्षणाच्या, दोन ऑफर आहेत. एक ठाण्यातली मध्यम फर्म, तिथे ऑडिट, टॅक्स, जीएसटी सगळंच करायला मिळेल. दुसरी लोअर परळची मोठी फर्म, तिथे पहिल्या दिवसापासून फक्त कॉर्पोरेट टॅक्स. शिवाय तुमची मामेबहीण लंडनला अकाउंटन्सी आणि टॅक्स अशा दोन्ही पदव्या एकत्र करतेय, तसं आपल्याकडे काही आहे का, हेही विचारलंय, आणि एलएलबी, सीएस अशा पुढे करायच्या पदव्यांची यादीही दिलीय. मी सीए आहे, ऐरोलीतल्या एका कंपनीचा टॅक्स बघते आणि आमच्याकडे येणाऱ्या नव्या सीएंच्या मुलाखती घेते. त्या अनुभवावरून सांगते: ठाण्याची घ्या.

बहिणीचं आधी. ब्रिटनमध्ये एसीए ही अकाउंटन्सीची पदवी आयसीएईडब्ल्यू ही तिथली अकाउंटंट्सची संस्था देते आणि सीटीए ही टॅक्सची पदवी चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशन देते. संस्था दोन, परीक्षा दोन, म्हणून दोघींनी मिळून जॉइंट प्रोग्राम काढलाय, म्हणजे विद्यार्थ्याला तेच ओझं दोनदा वाहावं लागू नये. आपल्याकडे असा जोड-अभ्यासक्रम नाही, कारण सीएच्या पोटातच टॅक्स आहे. इंटरला टॅक्सेशनचा पेपर तुम्ही दिलाच आहे. फायनलच्या सहा पेपरांपैकी दोन पूर्ण टॅक्सचे: एक डायरेक्ट टॅक्स आणि इंटरनॅशनल टॅक्सेशनचा, दुसरा इनडायरेक्ट टॅक्सचा. सहावा पेपर ओपन बुक, केस स्टडीचा, आणि त्यात अकाउंट्सपासून टॅक्सपर्यंत सगळं एकत्र येतं. तेव्हा अभ्यासक्रमाने जोड दिलेलीच आहे. ती हातात उतरते की नाही, हे आर्टिकलशिपमध्ये ठरतं.

आता मुद्द्याचं बोलते. मुलाखतीला आलेली मुलं कलमं धडाधडा सांगतात. मी मग एक साधा प्रश्न विचारते. कंपनीचा करपूर्व नफा १० कोटी. कंपनीने ११५बीएए हे कमी दराचं कलम घेतलंय, म्हणजे २२ टक्के, त्यावर १० टक्के सरचार्ज, त्यावर ४ टक्के सेस, एकूण २५.१६८ टक्के. कर यायला हवा २ कोटी ५१ लाख ६८ हजार. पण ताळेबंदाच्या नोटमध्ये एकूण कर खर्च साधारण २ कोटी ५६ लाख ७१ हजार दिसतोय. वरचे पाच लाख कुठून आले?

इथे बहुतेक जण डेप्रिसिएशनकडे (घसाऱ्याकडे) धावतात. ते उत्तर चुकीचं. पुस्तकातल्या आणि इन्कम टॅक्समधल्या डेप्रिसिएशनचा फरक आज ना उद्या उलटतो, त्याचा परिणाम डिफर्ड टॅक्समध्ये (पुढच्या वर्षांच्या कराची आत्ताच केलेली नोंद) जातो आणि एकूण कर खर्च जागचा हलत नाही. कर खर्च वाढवतो तो कायमचा फरक. या उदाहरणात कंपनीने सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, २० लाख खर्च केलेत. पुस्तकात तो खर्च आहे, इन्कम टॅक्समध्ये सीएसआरचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून मिळतच नाही. २० लाखांवर २५.१६८ टक्के म्हणजे ५ लाख ३ हजार, हिशेब जुळला. यात कलम एकच लागतं, तेही सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते कलम कळलं तरी त्याची खूण ताळेबंदात कुठे उमटते हे न दिसल्याने. ती नोट ज्याने ऑडिटमध्ये निदान एकदा तपासली आहे, तो मिनिटभरात सांगतो.

आणि डेप्रिसिएशन म्हणजे काही नुसतं कोष्टक नाही. समजा महापे एमआयडीसीतल्या कंपनीने १ एप्रिलला १ कोटीचं मशीन लावलं. पुस्तकात दहा वर्षं आयुष्य धरून सरळ पद्धतीने १० लाख डेप्रिसिएशन (भंगार किंमत सोडून देऊ). इन्कम टॅक्समध्ये प्लांट अँड मशिनरीच्या ब्लॉकवर १५ टक्के, म्हणजे १५ लाख. फरक ५ लाख, त्यावर २५.१६८ टक्क्यांनी १ लाख २५ हजार ८४० रुपयांची डिफर्ड टॅक्स लायबिलिटी. इथवर क्लासमध्ये शिकवतात. पण तेच मशीन वर्षाच्या मध्यात आलं, तर टॅक्सवाल्याला एकच तारीख महत्त्वाची: प्रत्यक्ष वापर कधी सुरू झाला? १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर दर निम्मा. साध्या वर्षात ३ ऑक्टोबरला सुरू झालं तर १५ लाख, ४ ऑक्टोबरला झालं तर साडेसात. बिल सप्टेंबरचं असून उपयोग नाही. इन्स्टॉलेशन रिपोर्ट कधीचा, ट्रायल रन कधी झाला, वीज जोडणी कधी मिळाली, पहिली बॅच कधी निघाली, हे कागद लागतात. ते फॅक्टरीतल्या स्टोअर्सच्या आणि मेंटेनन्सच्या फायलीत असतात, टॅक्सच्या पुस्तकात नाहीत. ज्या आर्टिकलने (आर्टिकलशिप करणाऱ्याने) फिक्स्ड ॲसेट रजिस्टर हातात घेऊन शॉपफ्लोअरवर मशीनच्या टॅगा जुळवल्यात, त्याला हे कागद कुठे सापडतात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर दुसरं उदाहरण रोजचंच. कलम ४३बी(एच), आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत फेडलं नाही, तर खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. मुदत किती? लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त ४५. ४३बीच्या इतर रकमांना रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत पैसे भरायची जी सवलत आहे, ती इथे नाही. रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या फॅब्रिकेटरचं फेब्रुवारीचं बिल मे महिन्यात दिलं, तर तो खर्च पुढच्या वर्षी गेला. मध्यम उद्योग यात येत नाही, नुसता व्यापार करणाराही नाही. म्हणजे कर काढणाऱ्याला आधी व्हेंडर मास्टर (पुरवठादारांची यादी) उघडून कोणाचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म, लघु की मध्यम कशात आहे ते बघावं लागतं, मग क्रेडिटर्सचं एजिंग (कोणाचं बिल किती दिवस थकलंय), मग कराराची तारीख. तिन्ही कामं ऑडिटरची. टॅक्सवाला शेवटी फक्त बेरीज करतो आणि तिच्यावर डिफर्ड टॅक्स ॲसेट उभा करतो.

म्हणून ठाणे. मोठ्या फर्मच्या टॅक्स विभागात वाईट काही नाही, शिकवतात उत्तम, नाव मोठं, ऑफिस गार. पण तिथे काम फार बारीक चिरलेलं असतं. एखाद्या आर्टिकलचं पूर्ण वर्ष टीडीएस रिटर्न आणि परदेशी पेमेंटच्या १५सीए-१५सीबी फॉर्मांत जातं. एखादा ट्रान्सफर प्रायसिंगमध्ये (एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांची किंमत तपासणं) अडकतो आणि डेटाबेसमधून तुलनेच्या कंपन्या गाळत बसतो. त्या कामात तो तरबेज होतो, पण त्याच्यासमोर आकडा तयार होऊन येतो. तो आकडा कुठून आला, हे विचारायची सवय लागत नाही. नव्या स्कीममध्ये आर्टिकलशिप दोनच वर्षांची उरली आहे. माझ्या मते पहिली दोन वर्षं आकडा जिथे जन्मतो तिथे घालवावीत.

मात्र ठाण्याची प्रत्येक फर्म चांगली असं नाही, हेही स्पष्ट सांगते. कित्येक ठिकाणी 'सगळं करायला मिळेल' याचा अर्थ पगारदारांची रिटर्न, सोसायट्यांची ऑडिट आणि जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं नेहमीचं रिटर्न एवढाच निघतो. तेव्हा होकार देण्याआधी विचारा: ऑडिटला प्रायव्हेट लिमिटेड आणि लिमिटेड कंपन्या किती? इंड-एएस (मोठ्या कंपन्यांचे हिशेबाचे नियम) लागू असलेली एक तरी आहे का? ज्या कंपनीच्या स्टॅट्युटरी ऑडिटवर मी असेन, तिच्या टॅक्स ऑडिटवर आणि रिटर्नवरही मलाच बसवाल का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एकच कंपनी एप्रिलमध्ये ऑडिटला, सप्टेंबरमध्ये ३सीडीला (टॅक्स ऑडिटच्या फॉर्मला) आणि नंतर असेसमेंटच्या नोटिशीला, अशी तिन्ही वेळा हाताखालून गेली, की जे डोक्यात बसतं ते दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या तुकड्यांतून बसत नाही. प्रिन्सिपल (ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप करायची ते सीए) या प्रश्नाने खूश झाले तर फर्म चांगली. 'बघू, काम येईल तसं' म्हणाले, तर तिथल्या एखाद्या आर्टिकलला खाली चहाच्या टपरीवर गाठा आणि खरं काय ते काढून घ्या. एकदा रुजू झालात की ट्रान्सफरचे नियम कडक आहेत. (गणपतीत सुट्टी मिळेल का, हे मात्र विचारू नका. टॅक्स ऑडिटचा हंगाम आणि गणपती-नवरात्र एकत्रच येतात, नौपाड्यातल्या कुठल्याही फर्मचे दिवे रात्री बघा.)

आर्टिकलशिपच्या शेवटच्या टप्प्यात इंडस्ट्रियल ट्रेनिंगची मुभा असते. ती एखाद्या कंपनीच्या टॅक्स विभागात घेता आली तर बघा. कंपनीच्या आत बसल्यावर काम वेगळं दिसतं. १५ जूनला १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के ॲडव्हान्स टॅक्स भरायचा असतो, तोही वर्ष संपायच्या आत, म्हणजे नफ्याचा अंदाज बांधून. सेल्सचा माणूस एक सांगतो, प्लांटचा दुसरं, फायनान्स हेड तिसरं. कमी भरला तर व्याज, जास्त भरला तर पैसे अडकले म्हणून ओरड. हे पुस्तकात शिकता येत नाही. घणसोली, ऐरोली, महापे या पट्ट्यातल्या कंपन्यांत जागा निघत असतात, आणि तुम्हाला नेरुळहून सोयीचंही आहे.

पदव्यांबद्दल तुम्ही जी यादी दिली आहे, ती थोडी कमी करा. एलएलबी उपयोगी आहे, विशेषतः पुढे लिटिगेशन करायचं असेल तर. सीए इन्कम टॅक्स ट्रायब्युनलपर्यंत बाजू मांडू शकतो, हायकोर्टात वकील लागतो. पण सनद घेतली की वकिली आणि सीएची प्रॅक्टिस एकत्र करता येत नाही, तेव्हा तो निर्णय सीए झाल्यावर शांतपणे घ्या. आर्टिकलशिपसोबत दुसरा कोर्स घ्यायचा विचार असेल, तर आपल्या सीए इन्स्टिट्यूटचे त्याबद्दलचे नियम आधी नीट वाचा, एजंट किंवा क्लासवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. लंडनच्या त्याच चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनचा एडीआयटी हा आंतरराष्ट्रीय करांचा डिप्लोमा आहे, आपल्या इन्स्टिट्यूटचाही सदस्यांसाठी इंटरनॅशनल टॅक्सेशनचा डिप्लोमा आहे. दोन्ही चांगले, दोन्ही नंतरचे. सीएस (कंपनी सेक्रेटरी) मात्र टॅक्ससाठी म्हणून करू नका, त्याची वाट निराळी.

पदव्यांऐवजी एक करा. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे इन्स्टिट्यूटच्या शाखा आहेत, त्यांची टॅक्सवरची व्याख्यानं चुकवू नका. मुंबईत चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स १९२६ पासून आणि बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी १९४९ पासून आहे, त्यांच्या अभ्यास मंडळांत एकेक निकाल तासभर चिरतात. पहिल्यांदा अर्धं डोक्यावरून जाईल, जाऊ दे. आणि लिहायची सवय ठेवा. फेसलेस असेसमेंट आल्यापासून अधिकाऱ्यासमोर बसून समजावण्याची सोय जवळजवळ संपली आहे. पोर्टलवर जे लिहून टाकाल तेवढंच तुमचं म्हणणं. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला मी तिने काढलेल्या गणितापेक्षा तिने लिहिलेल्या दीड पानी उत्तरावरून घेतलं. नोटीस काय विचारते, आमची वस्तुस्थिती काय, कोणता कागद कुठे जोडलाय, इतकंच होतं त्यात.

मी वर जुने कलम आणि फॉर्म क्रमांक वापरलेत, कारण ऑफिसात आजही सगळे तेच बोलतात. पण १ एप्रिल २०२६ पासून १९६१चा कायदा जाऊन इन्कम टॅक्स ॲक्ट, २०२५ आला आहे. कलमं ५३६ आणि 'प्रीव्हियस इयर-असेसमेंट इयर' ही जोडी जाऊन नुसतं 'टॅक्स इयर'. जुन्या वर्षांच्या असेसमेंट आणि अपिलं जुन्या कायद्यानेच चालणार, त्यामुळे तुमच्या पिढीला काही वर्षं दोन्ही पुस्तकं जवळ ठेवावी लागतील. यात तुमचा फायदा आहे. आम्हा जुन्या लोकांना क्रमांक विसरून नव्याने शिकायचेत, तुमची पाटी त्या मानाने कोरी आहे. परीक्षेला कोणता कायदा, ते मात्र तुमच्या अटेम्प्टच्या सूचनेत बघा.

प्रवासाचंही मोजा, लोक ते मोजत नाहीत. नेरुळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरची थेट गाडी आहे, सकाळी खिडकीपाशी बसून एखादं प्रकरण वाचून होतं. लोअर परळला हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून करी रोड, पुढे चालत. पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी भरलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

दोनच परिस्थितींत मी लोअर परळ म्हणेन: तुम्हाला ट्रान्सफर प्रायसिंगच करायचंय हे आत्ताच पक्कं असेल, किंवा ते लेखी देणार असतील की पहिलं वर्ष ऑडिट आणि दुसरं टॅक्स. दुसरी गोष्ट ईमेलवर मागून बघा, कधीकधी देतातही. नाही म्हणाले तर नम्रपणे नकार कळवा आणि तिथल्या मॅनेजरचा नंबर जपून ठेवा. सीए झाल्यावर त्याच विभागात अर्ज करता येतो, आणि तेव्हा स्टायपेंड नाही, पगार मिळतो.