आधी पाईपचं माप, मग आवाज

गाडीला अडीच इंची एक्झॉस्ट पाईप (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा) टाकायचा विचार करतोयस, तर थोडं थांब. मीही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून तसलाच घेऊन आलो होतो, 1.2 लिटरच्या गाडीला. आवाज झकास! पण सायनच्या पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडायला लागली.

‘बॅक प्रेशर (धुराला पाईपमध्ये होणारा अडथळा) हवंच’ असं गॅरेजवाले सांगतात, ते अर्धवट आहे. हवा असतो तो वायूचा वेग. जोरात बाहेर पडणारा धूर आपल्या मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. पावणेदोन इंचाचा पाईप अडीच इंची केलास की आतली जागा दुप्पट होते, वेग निम्म्यावर येतो, आणि कमी आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) टॉर्क, म्हणजे गाडी ओढायचा जोर, जातो. पॉवर वाढलीच तर अगदी वरच्या आरपीएमला. ते एलबीएस रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये कुठे गाठणार?

खर्च करायचाच असेल तर हेडरवर कर, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधून निघणारे पाईप एकत्र आणणाऱ्या भागावर. फोर-टू-वन (चार पाईपचे आधी दोन, मग एक) घे, खालचा-मधला टॉर्क सुधारतो, फोर-वन (चारचा थेट एक) रेसिंगवाल्यांसाठी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) मात्र काढू नकोस, पीयूसीला अडकशील.

माझा तो पाईप अजून माळ्यावर पडलाय. बायको दर दिवाळीला विचारते.