पहिल्या भागात पानिपत कशाला?

प्रश्न : नारायणराव पेशव्यांच्या खुनावर मालिका लिहितो आहे. पहिला भाग पानिपतापासून सुरू होतो, मग थेऊरला माधवरावांचं निधन, नारायणरावांना वस्त्रं आणि शेवटी आनंदीबाई 'ध'चा 'मा' करतात. मित्र म्हणतात, माहिती भरपूर आहे, पण रंगत नाही. सुरुवातीची पानं सोबत जोडली आहेत. काय बदलू?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मित्रांचं ऐका. १७६१ ते १७७३ एवढा काळ तुम्ही एका भागात कोंबलाय. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की हातात बावीस-तेवीस मिनिटं उरतात. शिवाय कागदावर पानिपत लिहायला आपल्याला दमडी लागत नाही, निर्माता मात्र घोडे मोजत बसतो.

एकच दिवस धरा : ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस, उद्यावर अनंत चतुर्दशी. खून होणार हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, 'काका, मला वाचवा' ऐकतच ते मोठं होतं. त्यामुळे 'पुढे काय' यावर तुमचा भाग तरणार नाही. हे टळलं असतं, असं क्षणोक्षणी वाटायला लावा.

त्याची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. गारद्यांत, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांत, गडबड आहे हे पेशव्यांना सकाळीच कळलं होतं. त्यांनी सरदार हरिपंत फडक्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. हरिपंत हो म्हणाले आणि जेवायला गेले, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. तुमच्या चार पानांत हे जेवण कुठेच नाही! ते सावकाश लिहा. केळीचं पान, वरणभात, तुपाची धार. यजमानीणबाई आग्रह करतायत, हरिपंत 'पुरे, पुरे' म्हणत पुन्हा वाढून घेतायत. तिकडे थकलेल्या पगारासाठी गारदी दरवाजाशी जमतायत, आत काका राघोबादादा नजरकैदेत, आणि अठरा वर्षांचा पेशवा वामकुक्षीला गेलाय. दोन खोल्या आणि एक दरवाजा, एवढ्या सेटवर भागतं.

'ध'चा 'मा' ही आख्यायिका. वापरायचीच तर कुणा नोकराच्या तोंडी कुजबूज म्हणून, तीही पुढे कधीतरी. रामशास्त्र्यांनाही आत्ता आणू नका, त्यांचं काम खुनानंतरचं.

संवादांबद्दल थोडक्यात : तुमच्या गंगाबाई 'पाच मिनिटांत येते' म्हणतात. 'घटकाभरात' म्हणू द्या. आणि दुसऱ्या पानावरचा चहा ताबडतोब काढा. त्या वाड्यात चहा होत नव्हता, हे पत्राने कळवणारे पुण्यात कमी नाहीत.

सगळं लिहून झालं की एका दुपारी शनिवारवाड्यात जाऊन या. १८२८च्या आगीनंतर आत जोतीच उरली आहेत, पण दिल्ली दरवाजातून आत शिरल्यावर किती चालावं लागतं, ते पायांना कळेल. तुमच्या पानांत गारदी दारातून थेट शयनगृहात पोचतात.

भाग तोडायचा तो हरिपंत हात धुवायला उठतात तिथे. वाहिनीवाले म्हणतील, पहिल्याच भागात रक्त हवं. तेव्हा मात्र भांडा.