हेडचे स्टड कोणते टाकू? जुन्या गाड्यांची प्रश्नोत्तरे

मागच्या वेळी मी सहज लिहून गेलो की जुन्या इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलंच आहे तर स्टडकडे (हेड आवळून धरणाऱ्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्यांकडे) पण एकदा नीट बघा, तर तेव्हापासून स्टडचेच प्रश्न येताहेत. त्यातले पाच घेतो. वर ऊन ४५ च्या घरात, गॅरेजमधला लोखंडी पाना हातात धरवत नाही, म्हणजे लोखंड तापलं की काय होतं ते बोलायला सीझन बरोबर आहे.

चोपड्याहून एक काका विचारतात: भाच्याने अमेरिकेत १९८१ ची पोर्शे ९११ एससी घेतली. वाल्व्ह सेट करायला खालचं कव्हर उघडलं तर स्टडचा तुकडा नटासकट हातात आला! तिथला मेकॅनिक म्हणतो इंजिन खोला. खरंच एवढं करावं लागतं का?

करावं लागतं काका, त्याला फसवत नाहीयेत. या गाडीचा हा जुनाच आजार आहे आणि बहुतेकांना तो असाच कळतो, कव्हर उघडल्यावर.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना लोहार ती आधी तापवून लाल करायचा, मग फुगलेली धाव चाकावर घालून वरून पाणी, की आवळून बसली. इथे उलटं होतं. ९११ मधे सहा सिलिंडर, प्रत्येकाला चार असे २४ लांब स्टड क्रँककेसमधून (इंजिनची मुख्य पेटी, पुढे तिलाच केस म्हणतो) निघून सिलिंडरच्या बाजूने हेडपर्यंत जातात आणि सगळं एकत्र आवळून धरतात. आता १०० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा तुकडा १०० डिग्रीने तापवला तर साधारण ०.२३ मिमी वाढतो, तेवढाच स्टीलचा ०.१२ च्या आसपास. म्हणजे इंजिन तापलं की मधला माल फुगतो, स्टड त्या मानाने फुगत नाही, आणि स्टडवरची खेच वाढते. म्हणून पोर्शेने डिलावार नावाचा मिश्रधातू आणला, जो जवळपास अॅल्युमिनियमसारखा वाढतो. कागदावर एकदम भारी. एससीमधे खालच्या रांगेत हेच, वरच्या रांगेत साधे स्टील. पण खालच्या रांगेला रस्त्यावरचं पाणी आणि तिकडच्या थंडीत टाकतात ते मीठ लागतं, डिलावारला बारीक खड्डे पडतात, आणि सतत ताणात असलेला स्टड त्या खड्ड्यातून एक दिवस तुटतो, बरेचदा गाडी नुसती उभी असताना.

माझं मत विचाराल तर रस्त्यावर चालवायच्या गाडीला खालचे बाराच्या बारा काढून साधे चांगले स्टीलचे टाका. एक तुटला म्हणजे बाकीचे अकरा त्याच वयाचे आहेत, त्यांनीही तेच पाणी प्यायलंय. वरचे काढून बघा, गंज नसेल तर राहू द्या, पण हेड उतरवलेलंच आहे तर २४ बदलले तरी मी हसणार नाही. एससीची केस अॅल्युमिनियमची, ती हे सहन करते. त्याआधीच्या २.७ लिटरची केस मॅग्नेशियमची होती, तिथे स्टड तुटायच्या ऐवजी आट्यांसकट उपटून यायचे, म्हणून तिथे आधी स्टीलचे इन्सर्ट (भोकात बसणाऱ्या, आतून आटे असलेल्या नळ्या) बसवायचे आणि मगच स्टडचा विचार. आणि हो, जुना काढताना जोर लावू नका म्हणावं, आटे लॉकिंग केमिकलने धरलेले असतात, केसला बाहेरून गॅसने शेक द्यायचा, मग तो गुमान येतो.

भुसावळचे एक रिटायर्ड रेल्वेवाले: माझी जुनी बीटल आहे. १० मिमीचे स्टड आहेत, एकाचे आटे गेले. दुकानदार ८ मिमीचे घ्या म्हणतो. बारीक टाकून कसं चालेल? मजबूत नको का?

दुकानदार बरोबर सांगतोय. स्टड म्हणजे खांब नाही, स्प्रिंग आहे, तो थोडा ताणला जायलाच हवा. १० च्या जागी ८ घेतला की स्टडचा आडवा छेद ३६ टक्के कमी होतो, म्हणजे इंजिन तेवढंच फुगलं तरी केसच्या आट्यांवर खेच एक तृतीयांशाहून जास्त कमी. मॅग्नेशियमच्या केसला तेच हवंय. फोक्सवॅगनने ७० च्या दशकात स्वतःच बीटलला ८ मिमीचे स्टड इन्सर्टसकट द्यायला सुरुवात केली. फक्त टॉर्क (नट आवळायचा पिळाचा जोर) बदलतो, १० मिमीला २३ फूट-पाउंड आणि ८ ला १८. सवयीने २३ देऊन बसू नका.

धुळ्याहून: वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. इंजिन ट्रायम्फ स्पिटफायरच्याच घराण्यातलं आहे ना, मग स्पिटफायरचे स्टड मागवू की एमआयडीसीत लेथवर बनवून घेऊ?

घराणं एकच, पण त्यात ९४८, ११४७, १२९६, १४९३ सीसी अशी भावंडं आहेत, तेव्हा गाडीच्या नावावर मागवू नका. जुना स्टड काढून लांबी, दोन्हीकडच्या आट्यांची लांबी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजा. ब्रिटिश गाडीत इंचाचे आटे. ३/८ यूएनसीला (इंची आट्यांचं एक माप) इंचाला १६ आटे, म्हणजे पिच १.५९ मिमी, आणि आपल्या एम-१० चा (१० मिमीचा मेट्रिक आटा) पिच १.५. लांबून दोघे जुळे भाऊ दिसतात. कोणीतरी एम-१० जोर लावून बसवतो आणि ब्लॉकचे आटे गेले! आटे मोजायचं थ्रेड गेज काही फार महाग येत नाही, घ्या भाऊ.

लेथचं म्हणाल तर मी टाळतो. बार ईएन-२४ चा (मजबूत मिश्र स्टीलचा एक ग्रेड) आहे म्हणतात, पण हीट ट्रीटमेंट झाली का ते कोण बघतं, आणि लेथवर कापलेल्या आट्याच्या बुडाशी टोकदार खाच राहते, तडा तिथूनच जातो. चांगल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, रोलिंगने दाबून काढलेले असतात. तुमचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, बीड आणि स्टील जवळपास सारखंच वाढतं, म्हणजे वरची डिलावारची भानगड तुम्हाला नाहीच. साधा पण खात्रीचा स्टील स्टड पुरे.

शहाद्याहून: स्टेनलेसचे किंवा टायटॅनियमचे टाकले तर? गंजाची कटकटच संपेल.

नको. बाजारातलं साधं स्टेनलेस या कामाला मऊ पडतं आणि नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून बसतात. टायटॅनियम तर स्टीलपेक्षाही कमी वाढतं, म्हणजे वर सांगितलेली खेच आणखी वाढणार.

जळगावातून एक पोरगा: दादा, टॉर्क पाना नसेल तर अंदाजाने चालेल का? आणि आट्यांना तेल लावायचं की कोरडं?

अंदाजाने नाही रे. तू नटाला जो जोर देतोस त्यातला ढोबळमानाने ९० टक्के घर्षणातच जातो, १० टक्क्यांत खरं आवळणं होतं, म्हणून तेल लावलं की नाही याने सगळं गणित फिरतं. कोरड्यासाठी दिलेला आकडा तेल लावून वापरला तर स्टड जास्त ताणला जातो. स्टडसोबत जो कागद येतो त्यात कुठलं वंगण आणि किती टॉर्क ते लिहिलेलं असतं, तेच करायचं, दुसऱ्या कंपनीच्या मोलीवर (मॉलिब्डेनमचं वंगण) पहिल्या कंपनीचा आकडा नको. नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे.

आणि ब्लॉकमधलं भोक आधी हवा मारून कोरडं कर. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका जुन्या जीपच्या ब्लॉकला, खालून बंद असलेल्या भोकात तेल साचलेलं न बघता स्टड पिळला, तेलाला जायला जागा नाही, आणि कट्ट करून ब्लॉकला तडा. वस्ताद तेव्हा काही बोलले नाहीत, चहा पीत बसले, पण पुढे दोन महिने मला फक्त भोकं साफ करायला लावली.