दार एक, कामं दोन

प्रश्न : गंगापूर रोडच्या आमच्या जुन्या बंगल्यात काकांनी अमेरिकेतून आणलेलं गोल दाराचं मशीन पडून आहे, आई म्हणते त्यातून कपडे धुऊन वाळूनच निघायचे. खरंच का? चालू करून बघू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आई बरोबर सांगतायत! बेंडिक्स ह्या अमेरिकन कंपनीचं धुऊन वाळवणारं ड्युओमॅटिक मशीन तर १९५३ मध्येच आलं होतं. आपण ट्विन टबच्या स्पिनरलाच ड्रायर म्हणतो, पण तो नुसता गरगर फिरवून पाणी काढतो, उष्णता नसतेच, आणि ह्या मशीनमध्ये त्याच ड्रममध्ये धुणं झालं की हीटरची किंवा गॅस बर्नरची गरम हवा सोडतात. मागे जाड गोल तोंड असेल तर दमट हवा बाहेर टाकणारं, नसेल तर बहुतेक वाफेचं पाणी करणारं, त्याला वाळवतानाही थंड पाणी लागतं.

प्लग मात्र लावू नका, प्लीज. वायरींचं जुनं रबर तडकलेलं असतं. आधी नेमप्लेटचा फोटो काढा, ६० सायकल (म्हणजे ६० हर्ट्झ) लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर मोटर हळू फिरेल, ट्रान्सफॉर्मर लावूनही हे सुटत नाही, तो फक्त व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. आणि भंगारात अजिबात देऊ नका!