फॅमिली डॉक्टर आणि रुग्णसेवेच्या नव्या पद्धतीची चाचणी

प्रश्न : मी १८ वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करीत आहे. अनेक जुनाट आजार असलेल्या रुग्णांची एकत्रित तपासणी करण्याच्या नव्या पद्धतीची चाचणी होणार असून, तीत भाग घेण्याविषयी आमच्या दवाखान्याला विचारणा झाली आहे. पद्धत मला पटते. परंतु नवी पद्धत कोणी वापरायची आणि जुनीच कोणी चालू ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरणार आहे; त्यात आम्ही जुन्या पद्धतीच्या गटात गेलो तर काय, आणि गर्दीच्या दिवशी ठरल्याप्रमाणे सगळे जमले नाही तर काय, या शंका सतावतात. आपला अनुभव सांगाल का?

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देते. अशा चाचणीत बहुधा अख्ख्या दवाखान्यांचीच वाटणी करतात, कारण एकच डॉक्टर एका रुग्णाला नव्या आणि दुसऱ्याला जुन्या पद्धतीने तपासू लागला, तर नव्यातले काही ना काही जुन्यात झिरपतेच. जुन्या गटावाचून तुलनाच होत नाही, तेव्हा तिकडे नाव आले तरी हिरमुसू नका.

दुसरी शंका मात्र मोलाची आहे. मी ज्या चाचणीत होते, तिथे सुरुवातीलाच ‘सध्या सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?’ असे विचारायचे होते. मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखी असलेल्या एका आजी म्हणाल्या, “रात्री तीनतीनदा लघवीला उठावं लागतं, अंधारात पडायची भीती वाटते.” त्यांच्या साखरेचे आकडे मला पाठ होते, पण हे मी कधी विचारलेच नव्हते. लघवी वाढवणारी गोळी त्या संध्याकाळी घेत होत्या. ती सकाळी घ्यायला सांगितली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. संगणकावरचे रकाने भरताना माझी नजर आजींवरून हटत असे, एकेका भेटीला अर्धा तास जाई, आणि परिचारिका रजेवर गेली की ठरलेल्या भेटी पुढे ढकलाव्या लागत. काही रकाने मी नंतर आठवून भरले, याची मला आजही खंत वाटते. न झालेले काम झाले असे नोंदवले, तर पद्धतच कुचकामी होती की ती नीट राबवलीच गेली नाही, हे कोणालाच कळत नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील ३३ दवाखाने व १,५४६ रुग्णांच्या, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अशाच चाचणीत रुग्णांच्या जीवनमानात फरक दिसला नाही, तरी आपली विचारपूस अधिक आपुलकीने झाली असे त्यांनी सांगितले, आणि ठरलेल्या दोन्ही सविस्तर भेटी नव्या गटातल्या जेमतेम निम्म्या रुग्णांना मिळाल्या होत्या. ही निम्म्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवली गेली, म्हणूनच त्या निकालाचा अर्थ लावता येतो. आपल्याला जे जमणार नाही, ते त्याच दिवशी कारणासह लिहून ठेवा.

होकार देण्यापूर्वी जादा वेळेचा मोबदला आणि बदली परिचारिका यांविषयी स्पष्ट विचारा. चाचणी संपल्यावर ही सेवा चालू राहणार का, तेही विचारा आणि रुग्णांना पहिल्याच भेटीत सांगा. आमच्याकडे ती बंद झाली, आणि “ती मोठी तपासणी आता कधी?” असे आजी पुढे कित्येक महिने विचारत राहिल्या.